कोथरूड ते हिंजवडी: एमटीबीवरून रोड बाइकवर, तिन्ही ऋतू काढल्यानंतर

ऑफिसला जायला पाच-सहा वर्षं मी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइकच चालवत होते: पुढे शॉकअप, २.१ इंची जाड खाचांचे टायर, वजन १५ किलोच्या आसपास. मागच्या मे महिन्यात तिच्या जागी रोड बाइक घेतली, म्हणजे बारीक टायरची आणि खाली वळलेल्या हँडलची सायकल. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा), शिमानो क्लॅरिसचे २×८ गिअर (पुढे दोन चकत्या, मागे आठ), केबलवर चालणारे डिस्क ब्रेक. किंमत ६०,००० रुपयांच्या आसपास. मॉडेलचं नाव देत नाही, कारण या किमतीत मिळणाऱ्या बऱ्याच सायकलींना जवळपास हेच सामान असतं आणि मी लिहितेय ते त्यांनाही लागू पडेल. पावसाळा, हिवाळा आणि आता उन्हाळाही काढल्यावर माझं मत पक्कं झालंय: पुण्यात रोजच्या ये-जा करण्यासाठी रोड बाइक एमटीबीपेक्षा सरस आहे, पण तिला ३२ मिमीचा टायर बसत असेल तरच.

माझा रस्ता कोथरूड डेपोवरून पौड रोडने चांदणी चौकाकडे चढतो, मग बावधनकडे उतरून हायवेच्या सर्व्हिस रोडने बाणेर, बालेवाडी, वाकड करत हिंजवडीला जातो. चढावर फरक लगेच कळतो. एमटीबीवर सीटवरून उठून जोर लावला की शॉकअप प्रत्येक पॅडलला खाली-वर होतो आणि पायातला बराचसा जोर तिथेच जिरतो. इथे तो थेट चाकाला मिळतो, शिवाय चार-साडेचार किलो वजन कमी. पूर्वी चांदणी चौकात पोचेपर्यंत धाप लागायची. आता शेजारच्या सायकलवाल्याशी बोलत चढता येतं. पलीकडच्या उतारावर जुन्या सायकलचा सगळ्यात जड गिअर ४२×१४ (पुढच्या चकतीचे दात × मागच्या चकतीचे दात) होता, त्यामुळे ताशी तिशीच्या पुढे पाय नुसते गरगर फिरायचे. इथे ५०×११ आहे. मात्र सगळ्यात हलका गिअर ३४×३२, आणि तो एमटीबीच्या २४×२८ पेक्षा जड पडतो. गुडघ्यांचं दुखणं असेल तर घेण्याआधी एखादा खडा चढ चढून बघाच.

पावसाळ्यात वारा जाताना डावीकडून, थोडा समोरून येतो. हँडलच्या खालच्या वळणावर हात नेऊन वाकलं की तो अंगावर कमी बसतो. एमटीबीच्या रुंद, सरळ हँडलवर छाती पुढे करून बसल्यावर ही सोय नव्हती.

घरापासून ऑफिसच्या गेटपर्यंत पूर्वी तासाच्या वर लागायचा, आता पन्नास-पंचावन्न मिनिटं. याहून मोठी अपेक्षा ठेवू नका. उरलेला वेळ सिग्नलवर आणि गर्दीत जातो, तो कुठल्याच सायकलने वाचत नाही. मला वेळेपेक्षा उरलेल्या दमाचं मोल जास्त आहे. संध्याकाळी घरी आल्यावर लगेच स्वयंपाकाला उभं राहता येतं, हे एमटीबीच्या दिवसांत शक्य नव्हतं.

आता खरा मुद्दा टायरचा. सायकल २८ मिमीच्या टायरवर आली. त्यात ८० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा भरायची, म्हणजे डांबरावर मस्त पळते. पण स्पीडब्रेकरआधीचे पांढरे पट्टे थेट मनगटात आणि मानेत उतरतात. हवा कमी करावी, तर खड्ड्याच्या काठावर टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. दिवाळीनंतर ३२ मिमीचे टायर घातले. माझं आणि बॅगेचं वजन धरून ५५ ते ६० पीएसआय पुरतात, आणि वेग कमी झाल्याचं मला तरी जाणवलेलं नाही. मनगटं मोकळी झाली, तसली पंक्चरंही थांबली. म्हणून दुकानात गेल्यावर गिअरच्या आधी फोर्क आणि मागच्या चाकाजवळ बोट घालून बघा, किती जागा शिल्लक आहे ती. तिथे जागा नसेल तर बाकी सायकल कितीही चांगली असो, रोजच्या वापरासाठी मी घेणार नाही.

आणि डोळे रस्त्यावर ठेवायची सवय नव्याने लावावी लागते. पावसाच्या पाण्याच्या चेंबरवरची जाळी काही ठिकाणी अशी बसवलेली असते की तिच्या फटी रस्त्याच्या दिशेने पळतात. एमटीबीचा टायर वरून सहज जायचा. अरुंद टायर त्या फटीत अडकला तर सायकल जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे जातो. काँक्रीटचा रस्ता संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतात तिथली लांबट खाचही तशीच. ती तिरकी ओलांडायची नाही. आधी मागे बघायचं, हात दाखवायचा आणि शक्य तितकं काटकोनात वळून चाक पलीकडे न्यायचं.

खाली वळलेल्या हँडलची मला भीती वाटायची, ती मात्र निराधार निघाली. माझे हात लहान आहेत, ब्रेकचा लीवर दूर वाटायचा. दुकानातल्या मुलाने छोटा स्क्रू फिरवून तो जवळ आणून दिला. वरून धरून दोन बोटांनी ब्रेक दाबला तर एमटीबीइतका जोर मिळत नाही, त्यामुळे उतारावर मी खालची पकडच घेते. हँडल अरुंद असल्याने रिक्षा आणि बसच्या मधली फट आता पुरते, पण म्हणून प्रत्येक फटीत शिरायची गरज नाही. डिस्क ब्रेकला पर्याय नाही असंच मी म्हणेन. मैत्रिणीच्या सायकलला रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर रबर दाबणारे) आहेत, त्यांचे रबर जुलैच्या चिखलात भराभर झिजले, आणि ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो तो वेगळाच.

बारीकसारीक: मडगार्ड आणि कॅरिअरसाठी फ्रेमला स्क्रूची भोकं आहेत का ते पाहा, वाकून चालवताना पाठीवरची सॅक घामाने भिजवते. ट्यूबला प्रेस्टा व्हॉल्व्ह (हवा भरायचं बारीक तोंड) असतो, तो नेहमीच्या पंक्चरवाल्याच्या पंपाला बसत नाही. पितळी अ‍ॅडॅप्टर पन्नास-शंभर रुपयांत मिळतो, तो आणि एक जादा ट्यूब कायम सोबत ठेवा. पावसात भिजल्यावर चेन पुसून तेल द्यायचंच.

एमटीबी विकलेली नाही. रात्रभर पाऊस होऊन सकाळी रस्त्यात पाणी साचलं असेल, तर डबक्याखाली खड्डा किती खोल आहे ते दिसत नाही. त्या दिवशी तीच काढते. तिला आता १.७५ इंचाचे गुळगुळीत टायर घातलेत. नवी सायकल घ्यायचा विचार अजून पक्का नसेल, तर आधी एवढं करून पाहा: टायर बदला, आणि शॉकअपला लॉक असेल तर चढावर तो लावा. बराच फरक तेवढ्यानेच पडतो.