घराखालचा फर्नेस: दुरुस्तीनंतरचे नऊ महिने

फर्नेसची, म्हणजे घर गरम करणाऱ्या गॅसच्या भट्टीची, दुरुस्ती झाली त्या आठवड्यात लिहायला बसले असते, तर नुसतं कौतुक लिहिलं असतं. घर गरम झालं की माणूस लगेच कृतज्ञ होतो. म्हणून मुद्दाम थांबले. आता नऊ महिने झाले आहेत. मधे पावसाळी हिवाळा गेला आणि धुक्यातला जुलैही गेला. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या टेकडीवर जुलैतही सकाळी हीटर लावावा लागतो, हे कोल्हापुरात सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

आधी घराबद्दल, कारण सगळं दुखणं तिथेच होतं. घर १९३८ सालचं. रस्त्यावरून बघितलं तर एकमजली बैठं वाटतं, मागून बघितलं तर उतारावर लाकडी खांबांवर उभं आहे. वरची बाजू टेकडीला टेकलेली, खालची बाजू अधांतरी, आणि मधे जमीन व फरशी यांच्यामधली तिरकी पोकळी. तिला इथे क्रॉलस्पेस म्हणतात. एका टोकाला पोटावर सरपटत जावं लागतं, दुसऱ्या टोकाला माणूस उभा राहू शकतो. आमचा गॅसचा फर्नेस याच पोकळीत आडवा टांगलेला आहे. २००६ सालचा. शेजारी पाणी तापवायची गॅसची टाकी. दोघांचा धूर एकाच पत्र्याच्या पाइपातून वर छपरापर्यंत जातो. तिथे पोचायचं तर घराच्या बाजूने बावन्न पायऱ्या उतरायच्या आणि एक बुटकं दार उघडून आत शिरायचं. आम्ही तीन वर्षांत तिथे दोनदा गेलो असू, दोन्ही वेळा फिल्टर बदलायला.

नोव्हेंबरच्या शेवटी बाबा सहा महिन्यांसाठी आले आणि त्याच आठवड्यात फर्नेस रुसायला लागला. रोज नाही. वारा आणि पाऊस असला की रात्री दोन-तीनला बंद पडायचा, सकाळी घरात ५७ फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम १४ सेल्सिअस. दुपारी ऊन पडलं की शहाण्यासारखा पुन्हा चालू. बाबा टोपी, मफलर आणि दोन स्वेटर घालून चहा पीत बसायचे आणि म्हणायचे, "अगं, महाबळेश्वरला आल्यागत वाटतंय."

पहिल्यांदा ज्या मोठ्या कंपनीला बोलावलं, तिचं नाव घेत नाही. फोन केल्यावर चार तासांत माणूस हजर, पायात निळे कापडी मोजे, हातात टॅब्लेट. त्याने फ्लेम सेन्सर घासला, इग्नायटर बदलला. ६४० डॉलर. आठ दिवसांनी पाऊस आला, फर्नेस पुन्हा बंद. दुसरा माणूस आला, प्रेशर स्विच बदलून गेला. ३९० डॉलर. तिसऱ्या खेपेला जो आला तो दुरुस्तीवाला नव्हताच, विक्रीवाला होता. त्याने टॅब्लेटवर एक फोटो दाखवला: हीट एक्स्चेंजरला (ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या पत्र्याच्या कप्प्याला) तडा, घरात विषारी वायू येऊ शकतो, नवा फर्नेस १४,००० डॉलर, आज सही केली तर हजार कमी. फोटोतला पत्रा आमचाच कशावरून, असं नवऱ्याने विचारलं, तर म्हणाला, "सगळे असेच दिसतात."

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मेकॅनिक होते. त्यांना इंग्रजी फारसं कळलं नाही, पण तिघांचे हात त्यांनी बघितले होते. संध्याकाळी म्हणाले, "ही पोरं नुसता पार्ट बदलत्यात. धूर कुठनं जातोय ते बघितलं का कुणी? गाडी दम टाकत असली तर आम्ही आधी सायलेन्सर बघायचो."

मी तेव्हा मान डोलावली आणि विसरून गेले.

शेजारच्या आजींनी एका म्हाताऱ्या कारागिराचा नंबर दिला. एकटाच काम करतो, मदतीला एक पोरगा. राज्याच्या कंत्राटदार मंडळाच्या साइटवर त्याचा सी-२० परवाना तपासला. हीटिंगच्या कामाला तो लागतो आणि दोन मिनिटांत बघता येतो. पहिल्या कंपनीचा बघायचं मला सुचलंच नव्हतं. तिची गाडीच इतकी चकचकीत होती. हा गृहस्थ नऊ दिवसांनी आला. नऊ दिवस आम्ही विजेच्या दोन छोट्या हीटरवर काढले. पण आल्यावर तो तीन तास घराखाली होता आणि पहिला दीड तास त्याने फर्नेसचं झाकणसुद्धा उघडलं नाही.

आता थोडं फर्नेस कसा पेटतो त्याबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. थर्मोस्टॅटने, म्हणजे भिंतीवरच्या तापमान-नियंत्रकाने, उष्णता मागितली की आधी एक छोटा पंखा सुरू होतो. तो जळालेला वायू धुराड्याकडे ढकलतो. त्याची ओढ पुरेशी आहे हे प्रेशर स्विचला कळलं, तरच इग्नायटर लाल होतो, मग गॅस सुटतो, ज्योत पेटते, फ्लेम सेन्सर ज्योत आहे म्हणून खात्री देतो आणि अर्ध्या-एक मिनिटाने मोठा पंखा गरम हवा खोल्यांकडे ढकलतो. धुराड्याची वाट तुंबली की प्रेशर स्विच सगळं थांबवतो. म्हणजे आमचा स्विच इमानदारीने आपलं काम करत होता, आणि आम्ही त्यालाच बदलून टाकलं होतं.

कारागिराने धुराचा पाइप टॉर्चने शेवटपर्यंत बघितला. आडव्या पाइपाला दर फुटाला निदान पाव इंच चढ लागतो. आमच्या घराची खालची बाजू ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत जराशी खचली आहे. पाइपाची एक पट्टी तुटली होती आणि मधे पाइपाला पोट आलं होतं. गॅस जळताना पाण्याची वाफ होते. थंड रात्री ती पाइपात थंड होऊन त्या पोटात साचायची. वारा उलटा आला आणि पाणी साचलेलं असलं की ओढ कमी. पावसाच्या रात्रीच का, याचं उत्तर एवढंच होतं. पाइप सोडवला तेव्हा तांब्याभर गंजकं पाणी त्या पोराच्या बाहीवर सांडलं.

दुसरी गोष्ट मला जास्त घाबरवून गेली. खोल्यांतली हवा परत फर्नेसकडे आणणारा मोठा डक्ट एका सांध्यावर निखळला होता. त्यामुळे मोठा पंखा घरातल्याऐवजी घराखालची दमट हवा ओढत होता आणि ओढताओढता त्या पोकळीतला दाब कमी करत होता. शेजारची पाण्याची टाकी पंख्याशिवाय, नुसत्या गरम हवेच्या चढावर धूर सोडते. दाब कमी झाला की तिचा धूर वर जायचं सोडून खाली सांडतो, आणि तोच पंखा तो वरच्या खोल्यांत पाठवतो. कारागिराने आधी गॅसगळती नाही याची यंत्राने खात्री केली आणि धूर सोडायची कांडी शोधायला लागला. ती गाडीत राहिली होती. गाडी बावन्न पायऱ्या वर. बाबांनी वरून देवघरातली उदबत्ती आणली. टाकीच्या वरच्या टोपाजवळ धरली. फर्नेस बंद असताना धूर सरळ आत गेला. मोठा पंखा सुरू झाला आणि तो धूर वळून आमच्या तोंडावर आला. कारागीर इंग्रजीत काहीतरी पुटपुटला, बाबा मराठीत, आणि दोघांनी एकाच वेळी मान हलवली.

बाबांचं सकाळी डोकं दुखायचं ते आम्ही जेटलॅगवर ढकललं होतं. ते यामुळेच होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण अलार्म कधी वाजला नाही म्हणून निर्धास्त असाल, तर हे लक्षात घ्या: कॅलिफोर्नियात घरात कार्बन मोनॉक्साइडचा (धुरातल्या, वास नसलेल्या विषारी वायूचा) अलार्म लावायची सक्ती २०११ पासून आहे, पण साधा अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) तासाभरानंतर, कधी चार तासांनंतर वाजतो. त्याखालचं थोडं थोडं त्याला दिसत नाही.

मग कारागिराला खालच्या जाळ्या दिसल्या. फर्नेसला जळायला हवा लागते, ती भिंतीतल्या झरोक्यांतून येते. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये ओकलंड-बर्कलीच्या टेकड्यांवर जी आग लागली, त्यात २५ माणसं गेली. तेव्हापासून इथली शहाणी माणसं ठिणग्या आत येऊ नयेत म्हणून झरोक्यांना बारीक जाळी लावतात. आधीच्या मालकाने लावली होती, चांगलंच केलं होतं. फक्त ती कुणी झाडली नव्हती. कोळिष्टकं आणि पाइनच्या काड्यांनी चार झरोके जवळजवळ बंद. आगीची भीती बाळगून केलेली गोष्ट, आणि तिनेच फर्नेसचा श्वास कोंडला होता.

हीट एक्स्चेंजरचं काय, असं मी विचारलंच. त्याने आत कॅमेरा घातला आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजत राहिला. मोठा पंखा सुरू होताना आकडा उसळला किंवा ज्योत डगमगली तर तड्याचा संशय घ्यायचा. आकडा हलला नाही. तो म्हणाला, अजून दोन-तीन वर्षं काढेल, पण दर हिवाळ्याआधी हे मोजून घ्या.

काम असं झालं: धुराचा पाइप नव्या पट्ट्यांनी चढावर बांधला, निखळलेला डक्ट पत्र्याच्या कॉलरने जोडून सांध्यांना मॅस्टिक (फटी बुजवायचा लेप) फासलं, झरोके साफ केले आणि गॅसची जुनी पितळी लवचीक नळी बदलली. त्या जुन्या, वर थर नसलेल्या पितळी नळ्यांचे टोकाचे सांधे निखळतात. हलवून बघू नये, सरळ बदलावी, असं त्याने दोनदा बजावलं. शेजारून हेवर्ड फॉल्ट, म्हणजे भूकंपाची भेग, जाते, तेव्हा मलाही पटलं. एकूण १,८५० डॉलर. इथे घरकामासाठी आगाऊ रक्कम दहा टक्के किंवा हजार डॉलर, यातलं जे कमी असेल त्याहून जास्त मागता येत नाही. याने मागितलीच नाही.

हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं विजेचं यंत्र, का नाही, हे बरेच जण विचारतात. विचार केला होता. इथल्या हवाप्रदूषण नियंत्रण संस्थेने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या नियमाप्रमाणे २०२९ पासून नवे घरगुती फर्नेस नायट्रोजन ऑक्साइड न सोडणारेच लागणार, म्हणजे व्यवहारात गॅसचा शेवट. पण आमचं विजेचं पॅनेल शंभर अँपिअरचं, तेही बदलावं लागेल. तोवर आहे तो जगवायचा, एवढंच ठरवलं.

आता नऊ महिन्यांचा हिशेब. हिवाळ्यात जितकी वादळं आली, त्यात एकदाही रात्री बंद पडला नाही. मी कमी पीपीएमही दाखवणारा मीटर घेतला. बाबांच्या खोलीत ठेवला, आजवर शून्य. बाबांचं डोकंही दुखायचं थांबलं. जानेवारीचं गॅसबिल आदल्या वर्षीच्या ११२ थर्मवरून (थर्म हे गॅस मोजायचं एकक) ८७ वर आलं. दोन हिवाळे सारखेच थंड होते का हे मी तपासलेलं नाही, तेव्हा हा आकडा बेताने घ्या. घरातला मातकट वास गेला, हा मात्र मी अपेक्षिलाच नव्हता असा फायदा. तो वास जुन्या घराचाच असतो असं समजून आम्ही तीन वर्षं मेणबत्त्या लावत होतो.

मार्चमध्ये एकदा बंद पडला. चूक माझी, फिल्टर चार महिने बदलला नव्हता. वणव्यांच्या धुराचा मोसम लक्षात घेऊन मी दाट विणीचा फिल्टर घातला होता, तो लवकर भरतो आणि हवा अडली की फर्नेस तापून स्वतःच थांबतो. आता दर सहा आठवड्यांनी पायऱ्या उतरते.

तक्रारीही आहेत. कारागीर फोन उचलत नाही. निरोप ठेवला की तिसऱ्या दिवशी उत्तर. बिल हाताने लिहिलेलं, घर विकताना दाखवायला फोटो नाहीत. मीच काढून ठेवायला हवे होते, तुम्ही काढा. पंख्याचा आवाज आधीपेक्षा जास्त येतो. बाबा मे महिन्यात परत गेले, तरी व्हिडिओ कॉलवर अधूनमधून म्हणतात, "जरा गरम हवेच्या जाळीपाशी धर फोन." मी धरते. ते ऐकतात आणि म्हणतात, "बेअरिंग हाय अजून. चालू दे."

आणि सगळ्यात खालची खोली अजून थंडच. तिच्याकडे जाणारा डक्ट मूळ घराइतकाच जुना आहे आणि त्याच्या सांध्यांवर पांढरी पट्टी आहे. कारागिराने ती बघून हात मागे घेतला: अ‍ॅस्बेस्टॉस असणार, मी शिवणार नाही, तुम्हीही खरवडू नका, काढायला परवानाधारक माणसं लागतील. पहिल्या कंपनीच्या तिघांपैकी एकानेही ती पट्टी बघून काही म्हटलं नव्हतं. अ‍ॅस्बेस्टॉस काढणाऱ्यांची ऑक्टोबरमधली तारीख मिळाली आहे. तोवर त्या खोलीत जो पाहुणा झोपेल त्याला कोल्हापूरहून आलेली जाड वाकळ.