चार्ल्स्टन की सव्हाना? आजी-आजोबा आणि मुलं बरोबर असतील तर

साउथ कॅरोलायनातलं चार्ल्स्टन आणि जॉर्जियातलं सव्हाना, या दोन जुन्या बंदरांमध्ये गाडीने साधारण दोन तासांचं अंतर आहे. लाँग वीकेंडला दोन्ही उरकायचा मोह होतो, पण मग निम्मा वेळ गाडीत आणि पार्किंग शोधण्यात जातो. एकच निवडा. अटलांटाहून सव्हाना चार तास, चार्ल्स्टन पाच. शार्लटकरांना मात्र चार्ल्स्टन जवळ. पण अंतरापेक्षा घरात सगळ्यात हळू कोण चालतं, ते आधी बघा.

गुडघे दुखणारे आजी-आजोबा किंवा स्ट्रोलरमधलं बाळ असेल तर सव्हाना. 1733 मध्ये जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक ऑगलथॉर्प याने हे गाव बागेसारख्या चौकांभोवती आखलं. 24 पैकी 22 चौक आजही आहेत. ओकची दाट सावली, बसायला बाक आणि चार-पाच मिनिटांवर पुढचा चौक. फसगत होते ती नदीकाठच्या रिव्हर स्ट्रीटवर. जुन्या जहाजांतून वजनासाठी आणलेल्या दगडांची फरसबंदी आहे, त्यात स्ट्रोलरची चाकं अडकतात. उतरायचे दगडी जिनेही उभे आणि उंचसखल. सिटी हॉलशेजारच्या लिफ्टने खाली जा. मालाचा धक्का नदीत आणखी वर असल्याने अजस्र कंटेनर जहाजं अगदी समोरून सरकतात. मुलं आईस्क्रीमसुद्धा विसरतात. पलीकडच्या काठावर जाणारी फेरी फुकट आहे.

चार्ल्स्टनमध्ये सिटी मार्केट ते बॅटरी (पाण्याकाठचा फिरायचा रस्ता आणि बाग) हे अंतर जेमतेम मैलभर, पण झाडांच्या मुळांनी उचकटलेल्या विटांच्या फुटपाथवर ते लांबतं. थकलात तर डॅशच्या फुकट बसमध्ये चढा. वॉटरफ्रंट पार्कातल्या अननसाच्या कारंज्यात मुलं उतरणारच, कपड्यांचा जादा जोड ठेवा. भरती 7 फुटांवर जाणार असेल तर ऊन असतानाही मार्केटच्या आसपास रस्त्यांवर पाणी चढतं; गाडी ठेवण्याआधी भरतीची वेळ बघा.

खरा फरक किल्ल्यांत आहे. 12 एप्रिल 1861 ला अमेरिकेच्या यादवी युद्धाची पहिली तोफ डागली गेली ती चार्ल्स्टनच्या बंदरातल्या फोर्ट सम्टरवर. तिथे बोटीनेच जाता येतं: जाऊन-येऊन सव्वादोन तास, त्यातला किल्ल्यात फक्त एक. सावली नावालाच. वसंतात तिकिटं आधीच संपतात. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे कामाचा नाही, कारण पैसे बोटीचे आहेत. सव्हानाजवळच्या फोर्ट पुलास्कीत तोच पास चालतो, गाडी किल्ल्याजवळ लागते, खंदक ओलांडून आत जायचं आणि हवं तेवढं थांबायचं. 1862 मध्ये आटे पाडलेल्या नळीच्या तोफांनी मैलभरावरून, सुमारे 30 तासांत, ही साडेसात फूट जाड भिंत फोडली. बाहेरून फेरी मारली की विटांतले खड्डे आणि रुतलेले गोळे दिसतात. आमच्या मते सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी पुलास्कीच सरस.

मुलं दहाच्या पुढची असतील तर पारडं चार्ल्स्टनकडे झुकतं. पॅट्रियट्स पॉइंटला यॉर्कटाउन ही विमानवाहू युद्धनौका आहे. 1968 मध्ये अपोलो 8 चे अंतराळवीर समुद्रातून हिनेच उचलले. आतल्या लोखंडी शिड्या उभ्या आहेत, चप्पल नको, बूट घाला. गुलामांच्या व्यापाराबद्दल मुलांशी बोलायचं असेल तर 2023 मध्ये गॅड्सडेन्स व्हार्फवर उघडलेलं आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालय चुकवू नका. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं याच धक्क्यावर उतरवली जात.

शाकाहाऱ्यांची पंचाईत दोन्हीकडे सारखीच. कोलार्ड ग्रीन्स दिसायला पालेभाजी, पण शिजवताना बहुतेक वेळा डुकराचं मांस घालतात. रेड राइसमध्ये (टोमॅटोचा भात) बेकन किंवा सॉसेज असतं, ग्रिट्स (मक्याच्या रव्याची लापशी) चिकनच्या पाण्यात शिजवलेल्या असू शकतात आणि हशपपी (मक्याच्या पिठाची भजी) त्याच तेलात तळतात जिथे मासे तळले. ‘मीट नको’ एवढ्यावर भागत नाही. ‘कशात शिजवलंय, कशात तळलंय’ हे विचारा. जैन किंवा उपवासवाले असतील तर स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्या.

जायला मार्चअखेर ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. सव्हानात 17 मार्चच्या सेंट पॅट्रिक्स डेचा आठवडा टाळा, खोल्यांचे भाव चढतात आणि रस्त्यांवर ग्लास घेतलेली गर्दी असते. चक्रीवादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर, तेव्हा पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा. सव्हानाला दोन रात्री पुरतात. चार्ल्स्टनला तीन ठेवा, नाहीतर किल्ला आणि युद्धनौका एकाच दिवशी कोंबाव्या लागतील.