राजारामपुरीतील इंग्रजीचा संध्याकाळचा वर्ग : वर्षभराचा अनुभव

आमची मुलगी पाचवीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि गेल्या जूनमध्ये सहावीच्या सेमी-इंग्रजी तुकडीत गेली, म्हणजे गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून. पहिल्या घटक चाचणीत तिला गणितात वीसपैकी सात गुण मिळाले. उत्तरपत्रिका पाहिली तेव्हा लक्षात आले की तिचे गणित कच्चे नव्हतेच. ‘डिफरन्स’ काढा म्हणजे वजाबाकी करा, हे तिला उमगले नव्हते आणि ‘प्रॉडक्ट’ म्हणजे दुकानात मिळणारी वस्तू, असा तिचा समज होता. तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ असलेल्या मुलीने गुणाकाराचे उदाहरण कोरे सोडलेले पाहून मला फार वाईट वाटले. घाईघाईने आम्ही तिला एका क्लासला घातले. तेथे तोंडातून मराठी शब्द निघाला की पाच रुपये दंड होता. दीड महिन्यात तिला एकदाही दंड झाला नाही, कारण ती तेथे बोललीच नाही.

त्यानंतर शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या या वर्गाचा पत्ता मिळाला. दारावर पाटी नाही. ओळखीपाळखीतून मुले येतात. पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळी सहा ते सव्वासात, चौदा मुले बसतात. त्यांत उद्यमनगरातल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या बिहारी कामगारांची दोन मुले आहेत, गुजरीत सोन्याचे काम करणाऱ्या बंगाली कारागिराचा मुलगा आहे, चिकोडीहून आलेल्या कुटुंबातल्या दोघी कन्नड बोलणाऱ्या बहिणी आहेत, घरी उर्दू बोलणारी एक मुलगी आहे आणि उरलेली आमच्यासारख्या घरांतली आहेत. मॅडम निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांच्या मदतीला निपाणीकडची एक तरुण शिक्षिका असते आणि तिला कन्नड उत्तम येते.

या वर्गाचे वेगळेपण मला एका संध्याकाळी कळले. मुलीला न्यायला मी जरा लवकर पोहोचले होते, म्हणून मागे बसून राहिले. मॅडमनी गुळाचा खडा सगळ्यांच्या हातावर ठेवला आणि ‘गूळ आवडतो’ हे प्रत्येकाला आपापल्या घरच्या भाषेत सांगायला लावले. ‘मला गूळ आवडतो’, ‘मुझे गुड़ पसंद है’, ‘ननगे बेल्ल इष्ट’, ‘आमार गुड़ भालो लागे’ अशी चार वाक्ये देवनागरीत फळ्यावर एकाखाली एक लिहिली गेली. मग मॅडमनी विचारले, ‘मी’ कुठे आहे? मुले शोधू लागली, आणि ‘मी’ कोणालाच सापडेना. कुठे ‘मला’ होते, कुठे ‘मुझे’, कुठे ‘ननगे’ आणि बंगालीत तर चक्क ‘माझा’ या अर्थाचे ‘आमार’. त्या चार वाक्यांखाली त्यांनी ‘आय लाइक जॅगरी’ लिहिले आणि ‘आय’भोवती गोल काढला. आपल्या सगळ्यांच्या भाषांत आवड आपल्याकडे चालत येते, इंग्रजीत मात्र ‘मी’ पुढे होऊन ती क्रिया करतो, हे मुलांनी आपले आपण शोधून काढले. ‘टू मी लाइक’ असे आमची मुलगी वर्षानुवर्षे का म्हणत होती, याचे उत्तर मला त्या फळ्यावर मिळाले. ती निष्काळजी नव्हती. ती मराठीचे व्याकरण प्रामाणिकपणे पाळत होती. भाषाशास्त्रातली ही गोष्ट दहा-अकरा वर्षांच्या मुलांना गुळाच्या खड्यावर शिकवता येते, हे मी स्वतः पाहिले नसते तर मला खरे वाटले नसते.

पुढचे दोन आठवडे गूळच चालला. उसाचा रस काहिलीत उकळणे, भेंडीच्या रसाने मळी वर आणून काढून टाकणे, पाक वाफ्यात ओतणे आणि मग त्याचे रवे बांधणे, हा सगळा क्रम मुलांनी आधी आपापल्या भाषेत एकमेकांना सांगितला आणि नंतर ‘फर्स्ट’, ‘देन’, ‘आफ्टर दॅट’ असे शब्द वापरून इंग्रजीत लिहिला. मजकूर मनात पक्का होता, त्यामुळे सगळे बळ इंग्रजीवर लावता आले. काहिलीला इंग्रजीत नेमका शब्द नाही, तेव्हा ‘काहील’ असेच लिहा आणि पुढे ती केवढी असते ते सांगा, हा मॅडमचा सल्ला मला फार योग्य वाटला.

बंगाली मुलगा पहिले पाच आठवडे अक्षरही बोलला नाही. त्याच्या वडिलांनी काळजीने विचारले, तेव्हा मॅडमनी त्यांना शांतपणे समजावले की नवी भाषा शिकणारे मूल बराच काळ नुसते ऐकत असते आणि त्या काळात त्याला बोलायला भाग पाडू नये. वर्गात त्याला ‘खिडकी उघड’, ‘लाल पेन्सिल तिच्या वहीवर ठेव’ अशा इंग्रजी सूचना मिळत आणि तो त्या बिनचूक पाळत असे. सहाव्या आठवड्यात तो शेजारच्या मुलीला खोडरबर मागताना पहिल्यांदा इंग्रजीत बोलला.

गणित-विज्ञानाच्या शब्दांसाठी आठवड्यातला एक दिवस राखलेला आहे. ‘ऑड’ म्हणजे विचित्र आणि विषमही, ‘टेबल’ म्हणजे पाढाही, ‘व्हॉल्यूम’ म्हणजे टीव्हीचा आवाज आणि घनफळही, अशा दुहेरी अर्थाच्या शब्दांची प्रत्येकाची वेगळी वही आहे. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला. पहिली साधारण दोन वर्षांत जमते, तर दुसरीला पाच ते सात वर्षे लागू शकतात, असे त्यांच्या पुढील कामातून दिसले. मूल फाडफाड इंग्रजी बोलू लागले की पालक निश्चिंत होतात. या वर्गात तसे होऊ दिले जात नाही. मुलीला सहामाहीत गणितात चाळीसपैकी एकतीस गुण मिळाले.

उणिवा आहेत आणि त्या सांगायला हव्यात. गट वयाप्रमाणे नसून इंग्रजी किती येते यावर पाडलेले आहेत, त्यामुळे तेरा वर्षांचा एक मुलगा आठ वर्षांच्या मुलांबरोबर बसतो आणि त्याचे अवघडलेपण स्पष्ट दिसते. मोठ्या मुलांच्या निबंधलेखनाला पुरेसा वेळ मिळत नाही. बंगाली जाणणारे कोणी नसल्याने त्या मुलाला हिंदीवर भागवावे लागते. सर्वांत मोठी उणीव मला पालकांच्या बाबतीत वाटते. वर्गात पाच भाषांना मान आहे, पण पालकांना जाणारी सूचना केवळ मराठीत असते. जानेवारीतल्या पालकसभेला फाउंड्रीतले दोन्ही पालक आले नाहीत, कारण चिठ्ठी त्यांना वाचताच आली नव्हती. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ज्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, त्या संस्थानाच्या राजधानीत एखादा बाप निव्वळ चिठ्ठीच्या भाषेमुळे शिक्षणाच्या दाराबाहेर राहावा, हे मला सहन होत नाही. मी हे मॅडमना सांगितले. फेब्रुवारीपासून चिठ्ठीच्या मागच्या बाजूला हिंदी मजकूर येतो. कन्नडमध्ये लिहून देण्याचे काम धाकट्या शिक्षिकेने पत्करले आहे.

शुल्क महिन्याला नऊशे रुपये आहे, आणि दोन भावंडे असतील तर दुसऱ्याचे निम्मे. जिना अरुंद व चढा आहे, आजी-आजोबा मुलांना आणणार असतील तर खालीच थांबणे बरे. दोन महिन्यांत मुलाने इंग्रजीत भाषण करावे अशी ज्यांची अपेक्षा आहे, त्यांची येथे निराशा होईल. सेमी-इंग्रजीत नुकत्याच गेलेल्या किंवा दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलांच्या पालकांनी मात्र मे महिन्यातच चौकशी करावी, कारण चौदाच्या वर मुले घेतली जात नाहीत. आमच्या मुलीची जागा आम्ही सातवीसाठीही राखून ठेवली आहे.