पितळेच्या नावाखाली जस्ताचा नळ: बाथटब भरायचा नळ (फिलर) घेणाऱ्यांनी वाचा

नळ भिंतीलगत आट्यांपाशी तुटला. तुटलेली कड आतून-बाहेरून राखाडी आणि दाणेदार, पिवळेपणाचा मागमूस नाही. ‘अस्सल पितळ’ म्हणत 100 टक्के रक्कम आगाऊ घेतलेला हा बाथटबचा मिक्सर, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणारा नळ, जस्ताच्या मिश्रधातूचा निघाला, वरून नुसता क्रोमचा मुलामा.

विकताना चुंबक लावून दाखवलं. चिकटलं नाही, म्हणजे पितळ! आता आठवलं तरी संताप येतो. चुंबक जस्तालाही चिकटत नाही. लोखंड आहे की नाही, एवढंच त्यातून कळतं. ही चाचणी कुणी दाखवली तर तिथून उठा.

खरी खूण डबा उघडला त्याच क्षणी समोर होती. नळाची मागची तोंडं वर होती आणि आतलं भोक राखाडी दिसत होतं. तिथे मुलामा फारसा पोचत नाही, धातूचा मूळ रंग उघडा पडतो. कारखान्यातलं तेल असेल असं वाटलं आणि बोटाने पुसून सोडून दिलं. कानस एकदा घासली असती तर पिवळं की राखाडी, तिथल्या तिथे कळलं असतं. पण नवाकोरा नळ दुकानात कानशीने घासू देतं कोण? हातालाही जडच लागत होता. पितळेची घनता घन सेंटिमीटरला 8.5 ग्रॅमच्या आसपास, या मिश्रधातूची 6.7, त्याच मापाचा नळ पाचव्या हिश्शाने हलका भरायला हवा. नळाची भिंत जाड ओतली की तो फरकही झाकला जातो. गरम पाण्याने जस्त आतून झिजत जातं, मुलाम्याला फोड येतात, आणि पान्याचा जोर नेमका आट्यांवर येत असल्याने तडा तिथेच जातो. तरी खापर फुटलं ते प्लंबरच्या ‘जास्त आवळण्या’वर.

दुसरी लबाडी धारेची. डब्यावर ठळक अक्षरांत ‘मिनिटाला 20 लिटर’, त्याखाली बारीक ‘3 बारला’ (बार म्हणजे दाबाचं एकक). टाकी नळापेक्षा 3 मीटर उंच असेल तर दाब मिळतो जेमतेम 0.3 बार. दाब दहावा हिस्सा झाला की धार साधारण तिसऱ्या हिश्शावर येते, म्हणजे मिनिटाला सव्वासहा लिटर. 150 लिटरचा टब साडेसात मिनिटांऐवजी 24 मिनिटांत भरतो, तोवर पाणी कोमट. त्यातून तोंडाला जाळीही बसवलेली. ती वॉशबेसिनला ठीक. टब भरायला मोकळी धार लागते. आधी दाब मोजा, मग त्या दाबाला धार किती ते लेखी मागा.

मापातही हातचलाखी होती. टबच्या नळाला पाऊण इंची जोड हवा. दिला अर्धा इंची, वर माप जुळवणारा रिड्यूसर. भिंतीवरच्या मिक्सरच्या दोन तोंडांत सहसा 150 मिमी अंतर असतं, टबच्या काठावरच्या मिक्सरला बऱ्याचदा 180. फरशी बसण्याआधी नळ हातात घेऊन मोजा. धार काठावर न पडता टबात पडते का, तेही बघा.

आणि तक्रार! विक्रेता म्हणतो कंपनीकडे जा, कंपनी म्हणते बसवण्यात चूक. ग्राहक तक्रार कक्षात 4 खेपा झाल्या. पहिल्या खेपेला पावती, दुसरीला प्लंबरचा जबाब, तिसरीला फोटो. चौथीला सांगितलं, धातूची तपासणी प्रयोगशाळेतून स्वखर्चाने करून आणा. तुटलेला तुकडा टेबलावर ठेवला होता. त्याला कुणी हातही लावला नाही. पावतीवर ‘बाथ मिक्सर, 1 नग’ एवढंच आहे, त्यामुळे ‘पितळ असं कुठे लिहिलंय?’ हा प्रश्न आम्हालाच. फसवणाऱ्याला एक साधं पत्रसुद्धा गेलेलं नाही.

तेव्हा पावतीवर धातूचं नाव लिहून घ्या. नुसतं ‘बॉडी पितळी’ नको. स्पाउट (पाणी पडायची चोच) आणि मागचे जोडही पितळी असल्याचं लिहायला लावा, कारण जस्त तिथेही खपवतात. जुना नळ, तुटका तुकडा, डबा, काहीच टाकू नका. परत मिळालेली रक्कम आजपर्यंत 0.