मालकी रानातली तोड आणि आमचा ठेकेदार : पाचपैकी तीन तारे

रानातले ऐन, किंजळ आणि थोडा साग विकून घराचं छप्पर नवं करायचं ठरलं, तेव्हा गावात ज्याला विचारलं त्याने एकाच ठेकेदाराकडे बोट दाखवलं. त्याचं नाव इथे टाकत नाही. तालुक्याला त्याची वखार आहे, एवढं पुरे. रत्नागिरी जिल्ह्यात ज्यांचं मालकी रान आहे त्यांना ही माणसं ठाऊक असतात. कुऱ्हाड-कटरवाला गडी कुठेही मिळतो हो. ठेकेदाराला पैसे द्यायचे ते कागदांसाठी, म्हणून मीही त्याला त्याच मापाने मोजणार आहे.

पहिला गुण त्याला इथेच. आला तो अंगणात बसला आणि म्हणाला, "काकी, आधी सातबारा काढा, झाडं मागनं बघू." इतर हक्काचा रकाना त्याने चष्मा लावून दोनदा वाचला. कारण 30 ऑगस्ट 1975 पासून खाजगी वनं कायद्याने सरकारजमा झाली आणि त्या नोंदी कुठल्या गटावर बसल्यात ते मालकाला कित्येकदा माहीतही नसतं. आमच्या वरच्या अंगाच्या शेजाऱ्यांच्या गटावर तशी नोंद आहे. त्यांच्या झाडांना त्याने हातच लावला नाही. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वनकायद्याची नुसती जुनी नोटीस निघाली आणि पुढे काहीच झालं नाही, तर तेवढ्यावर जमीन सरकारची होत नाही. पण कोर्टातला निकाल आणि सातबाऱ्यावरची ओळ यांच्यामध्ये किती खेटे पडतात ते शेजाऱ्यांना विचारा. त्याने खोटी आशा दाखवली नाही, हे मला आवडलं.

आमचा गट साफ निघाला, पण नावं ढीगभर. दीर मुंबईला, पुतणी पुण्याला आणि सासूबाई जाऊन इतकी वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर अजून नांदतायत. वारसनोंद, संमतीपत्रं, हद्दीची मोजणी, सगळ्याच्या मागे तोच धावला. भावजी फोनवर म्हणाले, "आपलीच झाडं आणि आपल्यालाच दाखले?" त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. 1964 च्या झाडतोडीच्या कायद्यात परवानगी लागणाऱ्या झाडांची यादी आहे, तिच्यात साग, ऐन, किंजळ, खैर तर आहेतच, शिवाय परड्यातला आंबा-फणसही आहे. काजू नाही. मग लोक ऐन कशाला राखतील? रोप उगवलं की विळ्याने उडवतात आणि काजू लावतात. विनापरवाना तोडीचा हजार रुपयांपर्यंतचा दंड 50 हजारांवर न्यायचं मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये ठरवलं, तेव्हा कोकणातून ओरड झाली ती काही फक्त लाकूडचोरांची नव्हती.

परवानगी आली. झाडांना छातीच्या उंचीवर फीत लागली, नंबर पडले, तोड झाली. पुढे ओंडक्यांवर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा आणि वाहतूक पास. पास हातात पडेपर्यंत माल रानातून हलवता येत नाही. मधल्या काळात ओंडक्यांची टोकं फाटली, किंजळाला भोकं पडली आणि तेवढ्यावर ठेकेदाराने भाव उतरवायला घेतला. इथून माझं आणि त्याचं वाजलं. पास काढून आणणं हे त्याने पत्करलेलं काम. त्याला उशीर झाला तर भुर्दंड मी का भरू? डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने देशभर चालेल असा एकच वाहतूक पास आणला, ते ट्रकवाल्याला बरं झालं असेल. पण तोडीची परवानगी राज्याच्या कायद्याने, आणि मालकाचा वेळ जातो तो तिथेच.

आता मोजणी. वखारीत गोल लाकूड चौथाई गोलाईने मोजतात, म्हणजे गोलाईला चाराने भागायचं, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. चार फूट गोलाईचा दहा फुटी ओंडका या हिशेबात दहा घनफूट भरतो. खरं आकारमान निघतं पावणेतेराच्या जवळपास. चिराईत कडेचे तुकडे आणि साल वाया जाते म्हणून ही सूट, असं सांगतात, आणि ती रीत सगळीकडे आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण याचा माणूस त्यावर आणखी सालीची घट धरत होता आणि फीत लावत होता बारीक टोकाला! मी पुतण्याला दुसरी फीत घेऊन उभा केला. मधोमध मापायला लावल्यावर आकडे सरळ झाले. भांडण झालं नाही. तो हसून म्हणाला, "काकी, तुम्ही वखार काढा." त्या आधीचे ओंडके पुन्हा मोजून घेतले, तेही त्याने मुकाट मोजले.

हिशेबात "कागदखर्च" म्हणून एकच गोळा आकडा होता. कशाला किती, हे विचारल्यावर मोजणी फीची पावती मिळाली, बाकीचं तोंडी. एक तारा त्यासाठी कापला, दुसरा फितीसाठी. पैसे मात्र गाडी भरायच्या आधी बँकेत जमा झाले आणि पासची प्रतही न मागता दिली.

मुंबईहून फोनवर उक्ता सौदा करणार असाल तर याच्याकडे जाऊ नका, किंवा मोजणीच्या दिवशी घरचं कुणीतरी फीत घेऊन उभं करा. आणि शेंडे-फांद्यांचं जळाऊ कुणाचं, ते आधीच बोलून घ्या. आमच्यात ते ठरलं नव्हतं. अर्धं तो घेऊन गेला, अर्धं पडवीत रचलंय. मोकळ्या झालेल्या उतारावर मी माणगा बांबू लावतेय. 2017 पासून मालकीच्या जमिनीतला बांबू कायद्याने झाड राहिलेला नाही, तेव्हा तो विकायला या ठेकेदाराची गरज पडणार नाही.