पाय टेकेनात आणि टाकी फुल: सीट खाली घेण्याचे पर्याय, पेट्रोल भरण्याच्या पद्धती

शोरूममध्ये मोटारसायकलवर बसून बघतो तेव्हा टाकीत जेमतेम पंपापर्यंत पोहोचण्याइतकं पेट्रोल असतं. खाली गुळगुळीत सपाट फरशी, मागे कुणी हॉर्न वाजवत नाही, गाडी कुठे ढकलायची नाही. चवडे टेकले की आपण म्हणतो, जमतंय की! खरी परीक्षा त्यानंतर पंपावर होते. रांगेत दोन-दोन फूट सरकायचं, तिरप्या जागेत थांबायचं, उतरून स्टँड लावायचा, टाकी भरायची आणि मग तीच गाडी पुन्हा सरळ उभी करायची. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं. १५ लिटरची रिकामी टाकी भरली की वजन ११ किलोंनी वाढतं, आणि तेही गाडीच्या अगदी वरच्या भागात.

म्हणून ‘सीट खाली घेऊ का?’ आणि ‘पेट्रोल बसून भरू की उतरून?’ हे दोन प्रश्न मी एकत्रच घेतो. पहिल्याचं उत्तर चुकलं तर ते बहुतेक वेळा पंपावरच कळतं.

कागदावरची उंची आणि खरी उंची

होंडा रेबेल ५००ची सीट ६९० मिमीवर आहे. रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५०ची ८२५ वर, आणि तीच ८४५ वर चढवता येते. बीएमडब्ल्यू आर १२५० जीएसची ८५० किंवा ८७०. आकडे ठीक आहेत, पण ते फक्त जमिनीपासून सीटपर्यंतचं अंतर सांगतात, रुंदी सांगत नाहीत. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय सरळ खाली न जाता बाहेरून वळसा घालून जमिनीवर पोहोचतो. त्यामुळे ८०० मिमीची पसरट सीट कधीकधी ८२०च्या निमुळत्या सीटपेक्षा उंच वाटते. शिवाय तुमच्या वजनाने शॉकअप किती दबतो तेही त्या आकड्यात नसतं.

दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत हा हट्ट मात्र सोडा. दोन्ही चवडे नीट टेकत असतील तर गाडीला हात लावायची गरज नाही. कंबर जरा डावीकडे सरकवून डावा पाय पूर्ण टेकवायचा आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवायचा, ही सवय आठवड्याभरात लागते आणि फुकट असते. उतारावर तर ती दोन्ही पाय टेकण्यापेक्षा बरी, कारण गाडी ब्रेकने धरलेली असते. बोटांची टोकंच लागत असतील आणि गाडी मागे ढकलताना पाय घसरत असतील, तरच पुढच्या पर्यायांकडे वळा.

बूट, प्रीलोड, सीट, फोम, लिंक

जाड सोलचे बूट हा सगळ्यात सोपा मार्ग. वीसेक मिलिमीटर मिळतात आणि गाडीला धक्का लागत नाही. फक्त गिअरच्या लिव्हरखाली बूट नीट शिरतो का ते बघा. नाही तर लिव्हर थोडी वर घ्यावी लागते.

मागच्या शॉकअपचं प्रीलोड, म्हणजे त्याच्या स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, कमी करणं हाही पैसे न लागणारा उपाय. टूलकिटमधल्या आकडीसारख्या पान्याने स्प्रिंगवरचं कडं एक-दोन घरं सैल केलं की गाडी तुमच्या वजनाखाली जास्त बसते. मर्यादा अशी की तुम्ही बसल्यावर शॉकअपने एकूण प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश एवढंच दबावं. त्यापेक्षा जास्त दबला तर खड्ड्यात तळ गाठतो, मागे कुणी बसलं की विचारूच नका. मागची बाजू बसली की हेडलाइटचा झोत वर जातो, तोही खाली घ्यायला लागतो. याने मिळतात काही मिलिमीटर. तेवढ्यावर भागलं तर उत्तम, पण उंचीच्या हव्यासापायी स्प्रिंग अगदी मोकळी सोडू नका.

त्यानंतर दोन उंचींची सीट, किंवा त्याच मॉडेलसाठी मिळणारी लो सीट. माझ्या मते पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले इथे करावेत. वीस मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण बोटांच्या टोकांवर उभं राहणं आणि चवड्यावर उभं राहणं यात तेवढाच फरक असतो. गाडीची भूमिती बदलत नाही, नको असेल तर पाच मिनिटांत पूर्ववत. तोटा गुडघ्यांना: सीट खाली आली, फूटरेस्ट तिथेच राहिला, म्हणून गुडघा जास्त दुमडतो. लांब पल्ल्यावर तो बोलायला लागतो. उंची बदलली की ब्रेकच्या लिव्हरचा कोन आणि आरसे पुन्हा बघायचे, हे बहुतेक जण विसरतात.

ही सीट बसवताना एक गोष्ट डोळ्यांनी बघून घ्या. सीटच्या पुढच्या काठाखाली एक जिभली असते, ती टाकीमागच्या खाचेत शिरायला हवी. दोन उंचींच्या सीटला अशा खाचा किंवा रबरी टेकू वर-खाली दोन जागी असतात. पुढचं टोक खालच्या खाचेत आणि मागचं वरच्या टेकूवर, अशी खिचडी सहज होते. जिभली खाचेच्या वरूनही निसटू शकते, आणि गंमत म्हणजे मागचं कुलूप तरीही ‘खट्’ वाजतं. सीट जागेवर दिसते, पहिल्या जोरदार ब्रेकला पुढे सरकते. त्या ‘खट्’वर विश्वास ठेवू नका. पुढचा काठ दोन्ही हातांनी वर ओढून बघा आणि खाली एखादी वायर चेमटली नाही ना तेही तपासा.

फोम कापून घेणं लोकप्रिय आहे, कारण स्वस्त आहे. पण बहुतेक जण चुकीच्या जागी कापायला सांगतात. मधला फोम सपाट उतरवला की बूड थेट खालच्या प्लास्टिकच्या तळाला भिडतं. पहिले वीस मिनिटं काही वाटत नाही, तासाभराने वाटतं. आधी पुढच्या दोन्ही कडा तासून सीट निमुळती करून घ्या. उंची तीच राहते, पाय मात्र सरळ खाली जातो, आणि कितीतरी जणांचं तेवढ्यावर काम होतं. फक्त पुढचाच भाग खोल केला तर सीटला उतार येतो आणि प्रत्येक ब्रेकला तुम्ही टाकीवर जाऊन आदळता. कव्हर पुन्हा ताणून बसवताना आत पाणी अडवणारा थर घालायला सांगा, नाहीतर फोम पावसाचं पाणी पितो आणि ऊन पडल्यावरही बसणाऱ्याला परत करतो. शक्य असेल तर जुनी सुटी सीट मिळवून तिच्यावर कात्री चालवा. मूळ सीट तशीच ठेवा. कापलेला फोम परत उगवत नाही.

शेवटचा पर्याय लोअरिंग लिंक, म्हणजे मागच्या शॉकअपची जोडणी बदलून गाडीच खाली घ्यायची. उंची सगळ्यात जास्त इथे मिळते, आणि भानगडीही. फक्त मागची बाजू खाली आली तर पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, जास्त तिरका होतो आणि हँडल सुस्त वाटतं, म्हणून फोर्कही क्लॅम्पमधून तेवढाच वर सरकवावा लागतो. इंजिनाखालची जागा कमी होते, वळणावर फूटरेस्ट लवकर घासतो, साखळीचा ताण पुन्हा बघावा लागतो, टायर मडगार्डला लागत नाही ना ते तपासावं लागतं. आणि साइड स्टँड! गाडी खाली आली, स्टँडची लांबी तीच राहिली, म्हणून गाडी डावीकडे कलायच्या ऐवजी जवळजवळ सरळ उभी राहते.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझी गाडी एका गॅरेजमध्ये इंचभर खाली करून घेतली, स्टँड कापायचं त्यांनाही सुचलं नाही, मलाही नाही. रिकाम्या टाकीला काही जाणवलं नाही. पंपावर साइड स्टँडवर लावून टाकी भरली, नोझल काढताना ते टाकीच्या तोंडाला किंचित अडकलं, हलकासा झटका दिला, आणि गाडी सावकाश उजवीकडे, म्हणजे जिकडे स्टँड नाही तिकडे, झुकायला लागली. मी उजव्या बाजूलाच उभा होतो म्हणून मांडी लावून सावरली. झाकण उघडं, टाकी भरलेली, नोझल हातात. दुसऱ्याच दिवशी स्टँड कापून वेल्ड करून आणला. मेन स्टँड असेल तर त्यालाही हीच अडचण: गाडी खाली आल्यामुळे ती आता जास्त उचलावी लागते.

यातलं काहीही करण्याआधी टाकी पूर्ण भरा, रोजचे बूट घाला आणि हलक्या चढावर थांबून गाडी पायांनी मागे घ्यायचा प्रयत्न करा. फरशीवरच्या चाचणीपेक्षा याचं उत्तर खरं.

बसून भरायचं की उतरून?

उतरून. इथे मला दुसरी बाजू फारशी दिसत नाही, तरी जी आहे ती मांडतो. बसून भरलं तर गाडी सरळ राहते, थोडं जास्त पेट्रोल मावतं आणि उतरण्या-चढण्याचा वेळ वाचतो. उंच गाडीवाल्यांना तर उतरणंच नको वाटतं, पण तो सीटचा प्रश्न झाला, पेट्रोलचा नाही.

पेट्रोलला पेटण्याजोगी वाफ सोडायला उष्णता लागत नाही. उणे ४० अंशांच्या आसपासही ती निघते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने वर न जाता खाली उतरते. टाकीच्या खाली काय असतं? तापलेलं इंजिन आणि सायलेन्सरचा पाइप. सांडलेलं पेट्रोल बसलेल्या माणसाच्या मांडीवर येतं. दचकून उडी मारावी तर दोन्ही पाय गाडीत, आणि गाडी पडली तर उघड्या टाकीसकट. मागे बसलेल्यानेही उतरायचं, तो ‘मी बसतो ना’ म्हणाला तरी.

साइड स्टँड की मेन स्टँड, यात मात्र खरी निवड आहे. मेन स्टँडवर गाडी सरळ, टाकी पूर्ण भरते आणि नोझलचा धक्का लागला तरी हलत नाही. पण चढवायला जोर आणि तंत्र लागतं, आणि पुष्कळ गाड्यांना तो नसतोच. साइड स्टँडवर टाकी डावीकडे कलते, त्यामुळे पेट्रोल तोंडाशी लवकर दिसतं आणि थोडी जागा रिकामी राहते. राहू द्या. एका हातात नोझल आणि दुसऱ्या हाताने गाडी सरळ धरून शेवटचे घोट भरणारे लोक बघितले की माझाच जीव खालीवर होतो. साइड स्टँडवर लावताना गिअर पहिला, हँडल पूर्ण डावीकडे, आणि स्टँडखाली जमीन टणक.

‘कट’ होईपर्यंत की काठोकाठ?

नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं, पुढच्या वेळी वाकून बघा. पेट्रोल वाहत असताना त्या भोकातून हवा ओढली जाते. पेट्रोलची पातळी चढून भोक बुडालं की हवा थांबते, आत निर्वात तयार होऊन पडदा ओढला जातो आणि खटका पडतो. कारच्या लांब नळीत हे चोख चालतं. मोटारसायकलची टाकी उथळ असते. नोझल वरच धरलं तर भोक बुडेपर्यंत पेट्रोल तोंडाबाहेर आलेलं असतं, खोल घातलं तर उसळणाऱ्या फेसानेच खटका लवकर पडतो. म्हणून इथे डोळा हवा. शेवटच्या टप्प्यात धार बारीक करा आणि पेट्रोल टाकीच्या तोंडातल्या गळ्याच्या खालच्या काठाला टेकलं की थांबा.

वरची जागा वाया जात नाही. पेट्रोल दर १० अंशांना साधारण एक टक्का फुगतं. जमिनीखालच्या गार साठ्यातलं पेट्रोल उन्हातल्या टाकीत २० अंशांनी तापलं, तर १५ लिटरमागे सुमारे ३०० मिलिलिटर जास्तीची जागा मागतं. ती नसेल तर ते वाफेच्या नळीतून, टाकीतली वाफ शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरतं. तो डबा भिजला की गाडी सुरू व्हायला कुरकुर करते आणि पेट्रोलचा वास येत राहतो. असा डबा नसलेल्या जुन्या गाडीत ते सरळ खाली ठिबकतं.

पाय जेमतेम टेकणाऱ्यांसाठी एक तिसरी वाटही आहे: रोजच्या शहरी वापरात टाकी अर्धीच भरायची. १५ लिटरच्या टाकीत साडेपाच किलो कमी, तेही वरचे, आणि गाडी लगेच हलकी वाटते. बदल्यात पंपाच्या फेऱ्या दुप्पट. मात्र रिझर्व्हवर फिरत राहू नका. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीत इंधनाचा पंप टाकीतच असतो आणि भोवतालच्या पेट्रोलनेच गार राहतो.

बाकी थोडक्यात. इंजिन बंद, सिगरेट नाही. झाकण उघडण्याआधी टाकीच्या तोंडापासून दूर एखाद्या धातूच्या भागाला हात लावा, अंगावरची स्थिर वीज तिथेच उतरते. पंपावर मोबाइल खिशात ठेवायचा तो ठिणगीपेक्षा लक्ष उडतं म्हणून. कॅनमध्ये भरायचं असेल तर तो सीटवर किंवा कॅरिअरवर न ठेवता जमिनीवर ठेवून भरा. सांडलंच तर गाडी सुरू न करता ढकलत बाजूला न्या, पुसा, वाळू द्या, टायरवर गेलं नाही ना ते बघा. पुसलेलं फडकं सीटखाली कोंबू नका.

एकच गाडी घरात दोघं चालवत असतील आणि उंचीत फरक असेल, तर फोम आणि लिंक दोन्ही बाद: दोन उंचींची सीटच घ्या. टाकी किती भरायची हे ठेंगण्या चालकाने ठरवावं. आणि आधीच्या माणसाने सीट बदलली असेल तर किल्ली फिरवण्याआधी तिचा पुढचा काठ एकदा ओढून बघावा, घरच्याच माणसाने बसवली असली तरी.