चित्रपटाच्या नावाचे डोमेन आणि दलालाने सांगितलेले अर्धे सत्य

बेळगावच्या शहापूर भागात आमचा मसाले आणि कुंद्याचा लहान व्यवसाय आहे. पुण्या-मुंबईला स्थायिक झालेले इकडचे लोक फोनवरून मागणी नोंदवू लागले, तेव्हा संकेतस्थळ काढायचे ठरले. २०२३ च्या दिवाळीनंतर मामेभावाच्या ओळखीचा एक दलाल दुकानात आला. एका गाजलेल्या मराठी चित्रपटाच्या नावाचे डॉट कॉम डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, त्याच्याकडे विक्रीला होते आणि त्याची किंमत त्याने ६५,००० रुपये सांगितली. कोणी न घेतलेले डोमेन वर्षाला हजार-दीड हजार रुपयांत मिळते हे मला ठाऊक होते. तरीही घराघरांत पोहोचलेले नाव आयते मिळते आहे, या विचाराने मी मोहात पडलो.

मी शंका काढली, तेव्हा तो म्हणाला, "दादा, चित्रपटाच्या शीर्षकाला कॉपीराइट नसतो, हे सुप्रीम कोर्टानेच सांगितले आहे. उद्या निर्मात्याला दुसरा भाग काढायचा झाला, तर तोच पाच लाख घेऊन तुमच्या दारात येईल." सोबत त्याने ट्रेडमार्कचा, म्हणजे व्यापारचिन्हाचा, म्हणून एक कागद दाखवला. त्यावर क्रमांक होता, वर्ग ३० (मसाले-मिठाईचा) लिहिलेला होता आणि नावाशेजारी 'टीएम' ही अक्षरे होती. मी तो प्रमाणपत्र समजलो. प्रत्यक्षात ती अर्ज भरल्याची पावती होती, तीही त्याच्या स्वतःच्या नावाची. 'टीएम' ही अक्षरे नोंदणी नसतानाही कोणी लावू शकतो. वर्तुळातील 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच लावता येतो, आणि नोंदणीवाचून तो लावणे हा गुन्हा आहे.

त्याचे बोलणे खोटे नव्हते, म्हणूनच ते अधिक घातक ठरले. केवळ शीर्षकाला कॉपीराइटचे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली खरोखरच म्हटले आहे. परंतु कॉपीराइट आणि ट्रेडमार्क हे दोन निराळे कायदे आहेत, आणि डोमेनच्या नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, हे त्याच न्यायालयाने २००४ मध्येच मान्य केले होते. हा दुसरा भाग त्याने सांगितला नाही आणि मीही कोणा जाणकाराला न विचारता डोमेन विकत घेतले आणि खोक्यांवर ते नाव छापून घेतले.

मार्चमध्ये निर्मात्यांच्या वकिलांची नोटीस आली. डोमेन हस्तांतरित करा, नावाचा वापर थांबवा, छापलेली खोकी नष्ट करा आणि तसे लेखी द्या, अशा मागण्या तिच्यात होत्या. टिळकवाडीतील वकीलबाईंनी कागदपत्रे पाहिली आणि प्रथम विचारले, "हे नाव निर्मात्याला विकता येईल, असे तुम्ही कोणाला लिहून कळवले आहे का?" दलालाला मी व्हॉट्सॲपवर तसे लिहिले होते. आंतरराष्ट्रीय डोमेन-वाद धोरणानुसार, हक्कदाराला प्रत्यक्ष खर्चाहून अधिक किमतीत विकण्याच्या मुख्य उद्देशाने डोमेन घेणे हा वाईट हेतूचा पुरावा मानला जातो. त्या धोरणाखालील कार्यवाहीत डोमेन जाते, भरपाई मात्र द्यावी लागत नाही; न्यायालयात भरपाईही मागितली जाऊ शकते. 'शोले'च्या नावाचे डोमेन आणि चिन्ह वापरणाऱ्यांवर सुमारे २० वर्षे चाललेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये २५ लाख रुपयांचा भुर्दंड बसवला, हेही त्यांनी दाखवून दिले. प्रत्येक चित्रपटाच्या नावाला एवढे संरक्षण मिळतेच असे नाही, परंतु नाव जितके लोकप्रिय, तितकी निर्मात्याची बाजू भक्कम. म्हणजे ज्या कारणासाठी मी ते नाव घेतले, तेच माझ्याविरुद्ध जाणारे कारण होते.

मी डोमेन सोडून दिले. दोन हजार खोकी, दुकानाची नवी पाटी आणि वकिलांचे शुल्क धरून नुकसान लाखाच्या वर गेले. दलालाचा फोन बंद आहे आणि पैसे घेतल्याच्या त्याच्या पावतीवर फक्त 'संगणक सेवा' एवढेच लिहिलेले आहे. सायबर ठाण्यात तक्रार दिली आहे.

असा व्यवहार कोणी करणार असेल, तर पैसे देण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर मोफत शोध घ्यावा. तो घेताना स्वतःच्या मालाचाच वर्ग पाहून थांबू नये. दलालाने मला मसाले-मिठाईचा ३० वा वर्ग रिकामा असल्याचे दाखवले. निर्मात्याची नोंद मनोरंजनाच्या ४१ व्या वर्गात होती, आणि सुप्रसिद्ध ठरलेल्या नावाचे संरक्षण दुसऱ्या वर्गातील मालापर्यंतही पोहोचू शकते. नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत आणि उच्चाराने जवळच्या रूपांतही शोधावे. अर्ज आपल्या नावाने करायचा झाल्यास, कर्नाटकात व्यवसाय असल्यामुळे आपल्यासाठी चेन्नईचे कार्यालय लागते, मुंबईचे नव्हे. मुंबईत सगळे पाहून ठेवले आहे, असे दलाल वारंवार सांगत होता, तेव्हाच मला ते खटकायला हवे होते.

निपाणीतील एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या मुलाकडेही गेल्या महिन्यात असाच एक माणूस येऊन गेला. चित्रपट दुसरा होता, पण दाखवलेली पावती त्याच धाटणीची होती. तो मुलगा अजून पैसे देऊन बसलेला नाही, म्हणून नोटिशीची प्रत मी त्याच्याकडे पाठवली आहे.